विज्ञान पेटी: माल चांगला, पण चौथ्या वर्षी भरायची कोणी?

तीन वर्षांच्या अनुदानातून जिल्हा परिषद शाळांत आलेली ही पेटी तिसरी ते पाचवीच्या परिसर अभ्यासासाठी आहे. सहा गटांचं सामान, एका गटात पाच लेकरं. भिंगं, होकायंत्र, स्प्रिंगकाटा यांना नाव ठेवायला जागा नाही. पट्टीचुंबकांच्या जोड्यांना मात्र टोकांवर ठेवायच्या लोखंडी पट्ट्या दिलेल्या नाहीत. त्या लावून, विरुद्ध ध्रुव शेजारी येतील असे ठेवले नाहीत, तर चुंबक हळूहळू मंदावतात.

खरी रड संपणाऱ्या सामानाची. सेल, बल्ब, लिटमस (आंबट-खारं ओळखायचा रंगीत कागद) अनुदान होतं तोवर प्रकल्पाची गाडी आणून द्यायची. आता झाकणावरची यादी घेऊन यवतमाळ-वणीच्या दुकानात जावं, तर तिच्यात नुसते कंपनीचे क्रमांक! ‘टॉर्चचा बल्ब, अडीच व्होल्ट’ एवढं लिहिलं असतं तरी भागलं असतं. दुकानदार सहा व्होल्टचा देतो, दोन सेलवर तो जेमतेम लालसर होतो आणि गुरुजी जोडणीतली चूक शोधत बसतात.

विदर्भाच्या उन्हाळ्याचा विचार तर कुणी केलेलाच दिसत नाही. पेटीतला तापाचा पाऱ्याचा थर्मामीटर 42 अंशांपर्यंतचा. मे महिन्यात चंद्रपूर-वर्ध्याकडे बाहेरच 45 च्या वर जातं. पत्र्याखालच्या बंद कपाटात पारा नळीत मावत नाही, काच फुटते आणि विषारी पारा पेटीभर होतो. त्याऐवजी लाल द्रवाचा, 110 अंशांपर्यंतचा तापमापक घ्यावा. सुट्टी लागायच्या दिवशी सेल बसवायच्या खोक्यातून सेल काढून ठेवावेत, नाहीतर ते पाझरून पितळी पट्ट्या खातात. निळा लिटमस पावसाळ्यात उघडा राहिला की आपोआप तांबूस होतो. त्याऐवजी हळदीच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवलेला कागद फुकटात होतो. चुन्याच्या निवळीनं तो लाल होतो. लिंबासाठी मात्र तो कामाचा नाही, तिथं जास्वंदीचं पाणी लागतं.

पैशाचं म्हणाल तर, 30 पटापर्यंतच्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाला 10,000 रुपये संयुक्त अनुदान. किमान दहावा हिस्सा स्वच्छतेला, मग वीजबिल, खडू, रंगरंगोटी. पेटीसाठी त्यातून वेगळं काही उरत नाही. म्हणून भरण्याचं सामान केंद्रशाळेत (आसपासच्या शाळांच्या मुख्य शाळेत) एकत्र आणून शिक्षण परिषदेच्या, म्हणजे त्या शाळांच्या शिक्षकांच्या बैठकीच्या, दिवशी वाटावं. प्रत्येक शाळेनं खरेदी करण्यापेक्षा हे परवडतं, आणि कुणाचे किती बल्ब उडाले हेही तिथं कळतं.

कृतिपत्रिका देखण्या आहेत, पण बल्ब लागलाच नाही तर काय तपासायचं, हे त्यांत नाही. ते प्रशिक्षणात तोंडी सांगितलं होतं, आणि ज्यांनी ऐकलं त्यांची बदली झाली. नव्या मॅडमच्या हाती उरते फक्त पेटी.

सामानाला पाचपैकी चार, पुरवठ्याला दीड. घ्यायचीच असेल तर थर्मामीटर आणि लिटमस वगळून मागवा, आणि भरण्याची यादी मराठीत, बाजारातल्या नावांनी, आधी हाती घेऊन मगच सही करा.