लीग टू क्लबचं सीझन तिकीट : घ्यावं का, आणि तो अटेन्डन्सचा आकडा नक्की कुणाचा?

इंग्लंडमध्ये राहून फुटबॉल बघायचंय पण प्रीमियर लीगचं तिकीट मिळत नाही, मिळालं तर परवडत नाही, अशा लोकांसाठी हे लिहितोय. लीग टू म्हणजे चौथा डिव्हिजन, वरून प्रीमियर लीग, चॅम्पियनशिप, लीग वन आणि मग ही. माझ्याकडे अशाच एका क्लबचं सीझन तिकीट आहे. क्लबचं नाव देत नाहीये कारण पुढे तक्रारीही आहेत, आणि इतर छोट्या क्लबांच्या फॅन्सशी बोललो की त्यांचंही रडगाणं जवळपास हेच असतं.

आधी काय मिळतं ते. लीगमध्ये २४ टीम्स, म्हणजे २३ होम मॅचेस, तेवढ्या सीझन तिकिटात येतात. एफए कप, लीग कप आणि ती ईएफएल ट्रॉफी (ईएफएल म्हणजे प्रीमियर लीगखालचे तीन डिव्हिजन चालवणारी संस्था) या वेगळ्या कप स्पर्धा, त्यांचे पैसे सहसा वेगळे, काही क्लब एखादी मॅच टाकतात पॅकेजमध्ये पण धरून चालू नका. ट्रॉफीच्या ग्रुप मॅचेसना तर गर्दी इतकी कमी असते की गोलकीपर डिफेंडरला काय ओरडतोय ते शब्दन्‌शब्द ऐकू येतं. २०१६ पासून त्यात मोठ्या क्लबांच्या अंडर-२१ टीम्स घुसवल्या, तेव्हापासून कितीतरी फॅन्स ती स्पर्धा बघतच नाहीत, बॉयकॉट म्हणजे बॉयकॉट, आणि मला त्यांचं पटतं.

आता मुख्य गोष्ट. सेकंड हाफमध्ये कधीतरी, साधारण सत्तराव्या मिनिटाच्या आसपास, स्पीकरवर अनाउन्सर आजचा अटेन्डन्स वाचतो, आणि त्यात अवे फॅन्स, म्हणजे पाहुण्या टीमचे, किती ते वेगळं सांगतो. आमच्या रांगेत त्याआधीच अंदाज लावणं सुरू झालेलं असतं. माझ्या शेजारी एक आजोबा बसतात, त्यांची पद्धत ठरलेली, उभे राहतात, समोरचा स्टँड डावीकडून उजवीकडे ब्लॉक-ब्लॉक करत बघतात, मग गोलमागची टेरेस (उभं राहून बघायची जागा), मग अवे फॅन्सचा भाग, ओठांतल्या ओठांत बेरीज करतात आणि एक आकडा सांगतात. स्पीकरवरचा आकडा जवळजवळ दर वेळी त्याच्यापेक्षा बराच मोठा निघतो आणि सगळा ब्लॉक एका सुरात ‘ऊऊऊ’ करतो. आजोबांची नजर पक्की आहे. फरक असा की क्लब विकलेली तिकिटं मोजतो आणि आजोबा बसलेली माणसं मोजतात. सीझन तिकीटवाला घरी झोपलेला असला तरी तो त्या आकड्यात ‘हजर’ असतो, फ्री वाटलेली तिकिटंही बऱ्याचदा त्यातच धरलेली असतात. हे एका क्लबचं नाही, वरच्या लीगमध्येही असंच चालतं, वेस्ट हॅम हा लंडनचा क्लब लंडन स्टेडियमला गेल्यावर त्यांच्या आकड्यांवरून केवढी चर्चा झाली होती. टर्नस्टाईलमधून, म्हणजे प्रवेशाच्या फिरत्या गेटमधून, खरोखर किती लोक आत आले ते क्लबला माहीत असतं, सेफ्टीसाठी ते मोजावंच लागतं, फक्त ते सहसा जाहीर करत नाहीत.

कुणी म्हणेल की आकड्याचं एवढं काय घेऊन बसलाय, मॅच बघ आणि घरी जा. पण खालच्या लीगमध्ये गेटचा पैसा, म्हणजे तिकीटविक्रीचा, हा क्लबचा श्वास आहे हो. टीव्हीचे पैसे वरच्यांच्या मानाने किरकोळ. १९८३ पर्यंत इंग्लंडमध्ये लीग मॅचच्या गेटमधला काही वाटा पाहुण्या टीमलाही जायचा, तो नियम गेला आणि तेव्हापासून होम गेट पूर्ण होम क्लबचं, म्हणजे ज्याच्याकडे मोठी गर्दी त्याची चांदी आणि ज्याच्याकडे नाही त्याला बाहेरून आधार नाही. शिवाय लीग टूमध्ये खेळाडूंच्या पगारावर किती खर्च करायचा ते क्लबच्या उत्पन्नाशी बांधलेलं आहे, त्यामुळे आज स्टँड रिकामा तर पुढच्या सीझनला स्ट्रायकर नाही, इतका सरळ हिशोब. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा लीग टूच्या क्लबांनी सीझन तिथेच थांबवला आणि पॉईंट्स-पर-गेमवर (खेळलेल्या मॅचमागे सरासरी पॉईंट्स) टेबल लावून टाकलं, वर प्रीमियर लीग मात्र रिकाम्या मैदानात खेळून पूर्ण झाली. वरच्यांना टीव्हीमुळे जमलं, खालच्यांना टेस्टिंगचा खर्च करून, तिकिटाचा एक पैसा न मिळता खेळणं झेपणारंच नव्हतं.

म्हणून जेव्हा लोक ‘आपल्याकडे गर्दी का होत नाही’ यावर भांडतात तेव्हा मला ते भांडण फालतू वाटत नाही. हाफटाईमला चहाच्या रांगेत हाच विषय असतो. एक गट म्हणतो टीम जिंकली की लोक आपोआप येतील. दुसरा म्हणतो तिकीट स्वस्त करा. तिसरा म्हणतो मंगळवारी रात्री कोण येणार, सकाळी कामाला जायचं असतं. आणि आता टीव्हीवर स्काय चॅनेल आलंय, २०२४-२५ पासूनच्या नव्या करारात सीझनला १,००० हून जास्त ईएफएल मॅचेस लाईव्ह दाखवतात, मंगळवारी थंडीत कुडकुडत बसण्यापेक्षा सोफ्यावर बघतो म्हणणाऱ्याला आपण काय उत्तर देणार. शनिवारी दुपारी तीनची मॅच अजून तरी वाचलीये, २:४५ ते ५:१५ या वेळात इंग्लंडमध्ये फुटबॉल लाईव्ह दाखवायला बंदी आहे, साठच्या दशकापासूनची, आणि ती खालच्या क्लबांच्या गेटसाठीच आहे. ही बंदी उठवा म्हणणाऱ्यांनी एकदा तरी शनिवारी लीग टूच्या टर्नस्टाईलपाशी उभं राहून बघावं.

जिंकलं की लोक येतात हे मला अर्धवटच पटतं. ग्लासगोच्या रेंजर्सचं बघा, २०१२ मध्ये दिवाळखोरीमुळे स्कॉटलंडच्या थेट चौथ्या डिव्हिजनमध्ये फेकले गेले, आणि आयब्रॉक्स या त्यांच्या मैदानावर पहिल्याच होम लीग मॅचला ४९,११८ लोक, समोर कोण तर ईस्ट स्टर्लिंगशायर. संडरलँड लीग वनमध्ये असताना २०१८ च्या बॉक्सिंग डेला (२६ डिसेंबर) ब्रॅडफर्डविरुद्ध ४६,०३९. हे मोठे क्लब होते, मान्य, खाली घसरलेले. पण मग कॉव्हेंट्रीचं काय? २०१३-१४ मध्ये मैदानाच्या भाड्याच्या वादातून मालकांनी टीम पार नॉर्थॅम्प्टनला नेऊन खेळवली, सिक्सफील्ड्सला, शहरापासून ५० किलोमीटरच्या वर. टीम तीच, जर्सी तीच, पण बहुतेक फॅन्सनी आत पाऊल टाकायला नकार दिला आणि सरासरी अटेन्डन्स अडीच हजारांच्याही खाली आला. काही जण मैदानाबाहेरच्या टेकडीवर उभं राहून मॅच बघायचे, तिला त्यांनी त्यांच्या जुन्या मॅनेजर जिमी हिलवरून ‘जिमीज हिल’ असं नाव दिलं होतं. पावसात टेकडीवर उभा राहणारा माणूस फुटबॉल सोडून गेलेला नसतो, त्याला क्लबने बाहेर काढलेलं असतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की रिकामी सीट दिसली की फॅनला दोष देण्याआधी क्लबने त्याच्याशी कसं वागलं ते तपासा.

स्वस्त तिकीटवाल्यांचा मुद्दा मला जास्त पटतो. ब्रॅडफर्ड सिटी २००७ मध्ये लीग टूमध्ये घसरले तेव्हा त्यांनी सीझन तिकीट एकदम स्वस्त केलं, आणि चौथ्या डिव्हिजनमध्ये सरासरी १३ हजारांच्या वर लोक यायला लागले, जिथे बाकीच्यांना चार-पाच हजार म्हणजे डोक्यावरून पाणी. पण स्वस्त तिकिटाने सीट विकली जाते, माणूस दर शनिवारी येईलच असं नाही, आणि इथेच माझ्या क्लबवर माझा राग आहे.

तर तक्रारी. पहिली आणि सगळ्यात मोठी, आपण जाणार नसू तर सीट दुसऱ्याला देण्याची सोयच धड नाही. मोठ्या क्लबांच्या अ‍ॅपमध्ये दोन टॅपमध्ये तिकीट ट्रान्सफर होतं किंवा क्लब ती सीट परत विकतो. आमच्याकडे तिकीट ऑफिसला फोन करा, तो मॅचच्या आदल्या दिवशी कुणी उचलत नाही, ईमेलचं उत्तर मॅच झाल्यावर येतं. आमच्या ब्लॉकमधली एक ताई नर्स आहे, शिफ्टमुळे तिच्या कितीतरी मॅचेस बुडतात, तिच्या भाच्याला यायचं असतं, पण तिचं अ‍ॅडल्ट कार्ड आणि तो लहान, म्हणून टर्नस्टाईलवर लाल दिवा लागतो आणि स्टुअर्ड (मैदानावरचा कर्मचारी) परत पाठवतो. स्टुअर्डची चूक नाही, त्याला सांगितलेलं तेच तो करणार. पण विचार करा, जास्तीचे पैसे भरलेली सीट रिकामी, मुलगा गेटबाहेर, आणि सत्तराव्या मिनिटाला स्पीकरवर तीच सीट ‘हजर’ म्हणून मोजली जाणार. याच्याइतकं मला दुसरं काही लागत नाही.

दुसरं, लोक कुठे बसवायचे याचा काही विचारच नाही. मंगळवारी अर्धंही मैदान भरत नाही तरी सगळे स्टँड उघडे ठेवतात आणि तिकिटं सगळीकडे शिंपडल्यासारखी विकतात, मग गाणं एका कोपऱ्यात सुरू होतं आणि दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आत विरून जातं. तेवढेच लोक गोलमागे दाटीने उभे केले तर आवाज तिप्पट वाटतो. डार्लिंग्टनची गोष्ट जुने फॅन्स अजून सांगतात, २००३ मध्ये चौथ्या डिव्हिजनच्या त्या क्लबसाठी २५ हजारांचं स्टेडियम बांधलं, पहिल्या मॅचला ११ हजारांवर लोक आले, नंतर नेहमीची गर्दी दोनेक हजारांची, बाकी सगळ्या लाल खुर्च्या रिकाम्या. क्लब कर्जात बुडत गेला आणि २०१२ मध्ये त्यांना ते मैदान सोडावं लागलं. म्हणून नवीन मोठं स्टेडियम बांधू म्हणणारा मालक आला की माझ्या पोटात गोळा येतो.

तिसरं किरकोळ, टॉयलेट. हाफटाईमला रांग जिन्यापर्यंत येते, बायकांसाठी तर आमच्या स्टँडच्या एकाच टोकाला सोय आहे, आणि मग क्लब म्हणतो फॅमिलीज येत नाहीत.

आता एवढं बोलल्यावर चांगलं काय तेही मनापासून सांगतो. पिच इतकं जवळ आहे की लाईन्समन धावत गेला की त्याच्या बुटांचा आवाज येतो, थ्रो-इन घेणारा फुलबॅक हात लांब केला तर लागेल. प्रीमियर लीगच्या वरच्या टियरमध्ये बसून टीम्स मुंग्यांएवढ्या बघण्यापेक्षा हे कितीतरी खरं वाटतं. फुटबॉल रांगडा आहे, बॉल हवेत जास्त, पण ९० मिनिटं कुणी अंग चोरत नाही. स्टुअर्ड लोकांना चेहऱ्याने ओळखतात. मी नवीन होतो तेव्हा कोणती गाणी कधी म्हणायची, कोणत्या खेळाडूला कशासाठी टाळ्या, हे सगळं शेजारच्यांनीच शिकवलं, कुठून आलास वगैरे एकदा विचारलं आणि मग तो विषय संपला, त्यापुढे मी त्यांच्या रांगेतला झालो. आजोबा एकदा आजारपणामुळे बरेच दिवस आले नाहीत तर ब्लॉकमधल्या लोकांनी आपणहून चौकशी केली, क्लबला सांगितलं, आणि क्लबने त्यांच्या घरी सगळ्या टीमच्या सह्यांचं कार्ड पाठवलं. वर ज्या क्लबवर एवढा रागावलोय त्याच क्लबने. असं काही केलं की माणूस हरणाऱ्या टीमसाठीही मंगळवारी रात्री बाहेर पडतो, आणि हे करायला क्लबला फार पैसे लागत नाहीत.

रेटिंग द्यायचं तर मॅचडेला पाचपैकी साडेचार, तिकीट ऑफिसला दीड, तिकिटाच्या किमतीला चार. नवीन घेणाऱ्यांसाठी सांगायचं तर अर्ली बर्ड, म्हणजे लवकर घेणाऱ्यांची सवलत, संपायच्या आत घ्या, नंतर किंमत चांगलीच वाढते. फक्त शनिवारीच जमणार असेल तर सीझन तिकिटाच्या फंदात पडू नका, एकेका मॅचची सुटी तिकिटं जवळपास नेहमी मिळतात, जिथे चढाओढ असते त्या लोकल डर्बीसाठी (शेजारच्या क्लबविरुद्धची मॅच) तेवढं आधी बघा. टेरेस असेल आणि उभं राहायला जमत असेल तर टेरेसच घ्या, आवाज तिथेच असतो. लहान मुलं सोबत असतील तर फॅमिली स्टँड, पण खालच्या चार-पाच रांगा नको, पाऊस तिरका आला की छपराचा तिथे काही उपयोग नाही. आणि घेताना तिकीट ऑफिसला थेट विचारा की मी येऊ शकलो नाही तर माझी सीट दुसऱ्याला देता येईल का, लेखी उत्तर मागा, कारण जितके जास्त लोक हे विचारतील तितकी ती सोय लवकर होईल. मी दर सीझनला रिन्यू करताना फॉर्मच्या शेवटच्या रकान्यात हेच लिहितो, आणि आता आमच्या ब्लॉकमधले बाकीचेही लिहायला लागलेत.