आय५ म्हणून घेतलेला छोटा डेस्कटॉप आणि चिठ्ठीवरून गळलेले एक अक्षर

आंब्याचा हंगाम सुरू होण्याआधी, पावस येथील आमच्या बागेच्या हिशेबासाठी, रत्नागिरी शहरातील एका दुकानातून मी वापरलेला छोटा डेस्कटॉप साडेसहा हजार रुपयांना घेतला. त्यावरच्या चिठ्ठीत 'आय५-३४७०, ३.६ गिगाहर्ट्झ, ८ जीबी रॅम, एसएसडी' एवढेच लिहिले होते; आय५-३४७० हे इंटेलच्या प्रोसेसरचे, म्हणजे संगणकाच्या मुख्य चिपचे, नाव. चार कोर (चिपच्या आत स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आहेत ना, असे विचारल्यावर दुकानदाराने टास्क मॅनेजर, म्हणजे यंत्रावरचा भार दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडून आलेखांचे चार चौकोन दाखवले आणि मीही मान डोलावली.

घरी आल्यावर मात्र त्याच खिडकीतील खालच्या ओळी नीट वाचल्या. तिथे कोर दोन आणि लॉजिकल प्रोसेसर चार, असे होते. प्रोसेसरची माहिती दाखवणारा सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम चालवल्यावर पूर्ण नाव समोर आले, ते आय५-३४७०टी असे होते. चिठ्ठीवर नेमका तो 'टी' नव्हता.

इंटेलच्या या जुन्या नावांत ३४७० मधील पहिला ३ हा पिढीचा आकडा असतो. तिसरी पिढी म्हणजे २०१२ साली आलेली, २२ नॅनोमीटरवर बनलेली आयव्ही ब्रिज. शेवटच्या अक्षराकडे आपण शेपूट म्हणून दुर्लक्ष करतो, पण इथे सगळा फरक त्या शेपटातच आहे. साध्या ३४७० मध्ये चार खरे कोर, ६ एमबी कॅशे (चिपमधलीच छोटी वेगवान मेमरी) आणि ३.२ गिगाहर्ट्झ मूळ वेग असतो, तर ३४७०टी मध्ये दोनच कोर, ३ एमबी कॅशे आणि २.९ गिगाहर्ट्झ मूळ वेग असून हायपर-थ्रेडिंगमुळे प्रत्येक कोर दोन थ्रेड, म्हणजे कामाचे दोन प्रवाह, सांभाळतो, म्हणून आलेखाचे चौकोन चार दिसतात. गंमत अशी, की टर्बोचा, म्हणजे गरजेपुरता वाढणारा, कमाल वेग दोघांचाही ३.६ गिगाहर्ट्झच आहे, त्यामुळे चिठ्ठीवरचा आकडा खोटा म्हणता येत नाही. कोर, थ्रेड आणि कॅशे या तीन बाबतींत हा आय५ त्याच पिढीतील आय३-३२२० च्या पंक्तीला बसतो, फक्त त्या आय३ ला टर्बो नाही.

दुकानदाराला फोन केला तेव्हा त्याने 'काका, आय५ तो आय५च' असे उत्तर दिले, ते मला मुळीच पटले नाही. नंतर त्याने तेवढ्याच पैशांत साधा ३४७० बसवून देण्याची तयारी दाखवली, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. दोन्ही प्रोसेसर एलजीए ११५५ सॉकेटचेच, म्हणजे एकाच प्रकारच्या खाचेत बसणारे, आहेत, त्यामुळे ते जमल्यासारखे वाटते. पण टीडीपी, म्हणजे सततच्या भाराखाली कूलरला बाहेर टाकावी लागणारी उष्णता, टी ची ३५ वॅट आहे आणि साध्याची ७७ वॅट. दोन फुलस्केप वह्या एकावर एक ठेवल्यासारख्या या पेटीतला चपटा कूलर आणि लॅपटॉपसारखा ॲडाप्टर ३५ वॅटचा हिशेब धरून दिलेले आहेत, म्हणून मी नको म्हटले.

पुढे पावसाळ्यात याच ३५ वॅटचा उपयोग झाला. आमच्याकडे जून-जुलैत लाइट कधी जाईल याचा नेम नसतो, आणि जुन्या मोठ्या डेस्कटॉपला पाच मिनिटांत धाप लागणारा तोच यूपीएस या पेटीला चांगला अर्धा तास पुरतो. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर जवळजवळ नाहीतच, म्हणून यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकली आहे; आंब्याच्या पेट्यांचा आणि मजुरीचा हिशेब लिबरऑफिसमध्ये विनातक्रार चालतो. व्हिडिओ संपादन करणाऱ्याने मात्र या पेटीच्या वाटेला जाऊ नये, कारण तिथे चार खरे कोरच लागतात. खाऱ्या हवेने मागचे दोन स्क्रू एका पावसाळ्यात गंजले, तेवढे सोडल्यास यंत्र उत्तम आहे.

यंत्राला मी पाचपैकी चार गुण देतो, दुकानाला अडीच. तिथे जाणाऱ्याने सीपीयू-झेड पेन ड्राइव्हवर सोबत न्यावे आणि पैसे देण्याआधी पूर्ण नाव बिलावर लिहून घ्यावे. माझ्या बिलावर आजही नुसते 'आय५ संगणक, १ नग' असेच आहे.