मार्सालिस की हीथ: आधी कोणाच्या घरी जायचं?

जॅझ थोडंफार ऐकून झालं की या दोन घरांपाशी माणूस येतोच. न्यू ऑर्लिन्सचे मार्सालिस आणि फिलाडेल्फियाचे हीथ. हँक, थॅड आणि एल्विन हे जोन्स बंधू मी मुद्दाम बाहेर ठेवतोय. तिघंही अफाट, पण तिघांचा मिळून असा कायमचा बँड नव्हता. रविवारच्या सकाळी एकच घर ऐकायला वेळ असेल तर कुठलं, एवढाच प्रश्न आहे. माझ्यापुरता तो कधीच सुटलाय. मार्सालिसांची सीडी कपाटात अजून नव्यासारखी आहे, हीथ बंधूंच्या सीडीच्या डबीचं झाकण दोनदा चिकटवून झालंय.

तरी आधी मार्सालिस. शिक्षणाच्या बाजूने पाहिलं तर त्यांच्यासमोर कोणीच टिकत नाही. वडील एलिस पियानो वाजवायचे आणि १९७४पासून न्यू ऑर्लिन्सच्या कलाशाळेत शिकवायचे. ब्रॅनफर्ड आणि विंटन तिथेच त्यांच्या हाताखाली शिकले. टेरेन्स ब्लँचर्ड आणि हॅरी कॉनिक ज्युनियर हेही त्यांचेच विद्यार्थी. सहा मुलांपैकी चार संगीतात आली: ब्रॅनफर्ड सॅक्सोफोनवर, विंटन ट्रम्पेटवर, डेल्फियो ट्रॉम्बोनवर, आणि सगळ्यात धाकटा जेसन ड्रमवर. विंटन विशीच्या आत प्रसिद्ध ड्रमवादक आर्ट ब्लेकीच्या बँडमध्ये होता, पुढे जॅझ आणि पाश्चात्त्य शास्त्रीय या दोन्हींत एकाच वर्षी ग्रॅमी, १९९७ला पुलित्झर. ब्रॅनफर्ड पॉप गायक स्टिंगबरोबर जगभर फिरून आला. २०११ साली अमेरिकेच्या नॅशनल एंडोमेंट फॉर द आर्ट्सने 'जॅझ मास्टर' हा मान अख्ख्या कुटुंबाला एकत्र दिला.

एलिस छडी घेऊन मुलांच्या मागे लागणारे होते असं मात्र समजू नका. विंटनच्या हातात सहाव्या वर्षी ट्रम्पेट आला तो ट्रम्पेटवादक अल हर्टकडून, ज्यांच्या बँडमध्ये तेव्हा एलिस वाजवत होते. आणि बाराव्या वर्षापर्यंत पोराने तो फारसा मनावरही घेतला नाही. पुढे हीच दोन मोठी मुलं शाळेच्या वयात फंक बँडमध्ये वाजवत होती.

हीथांच्या घरी असं काही आखीव नव्हतं. वडील मोटार मेकॅनिक, शिवाय एका मिरवणुकीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे. त्यांचं क्लॅरिनेट आठवडाभर गहाण पडलेलं असायचं आणि शनिवार-रविवारी सोडवून आणलं जायचं, असं सांगतात. आई चर्चमध्ये गायची. थोरले पर्सी दुसऱ्या महायुद्धात टस्कीगीला, म्हणजे कृष्णवर्णीय वैमानिकांच्या प्रशिक्षण केंद्रात, लढाऊ वैमानिक झाले आणि लष्करातून सुटल्यावर त्यांनी डबल बास धरला. पुढे मॉडर्न जॅझ क्वार्टेटमध्ये सलग वीसेक वर्षं. मधले जिमी आल्टो सॅक्सोफोनवर इतके चार्ली पार्करसारखे वाजवायचे की त्यांना 'लिटल बर्ड' म्हणत ('बर्ड' हे पार्करचं टोपणनाव). ते नाव झटकायला ते जरा खालच्या सुराच्या टेनर सॅक्सोफोनकडे वळले. (खुद्द पार्करने फिलाडेल्फियात वाजवायला आल्यावर जिमींचा आल्टो उसना घेतला होता. अशा वाद्याला पुन्हा फुंकर घालताना काय वाटलं असेल!)

जिमींची गोष्ट मात्र साधी नाही. हेरॉइनपायी १९५५ ते १९५९ तुरुंगात. आत बसून रचना लिहीत राहिले, त्यातल्या बऱ्याच चेट बेकर आणि आर्ट पेपर यांनी बाहेर ध्वनिमुद्रितही केल्या. सुटल्यावर नामवंत ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने आपल्या बँडमध्ये बोलावलं, पण पॅरोलची अट अशी की फिलाडेल्फियापासून साठ मैलांच्या बाहेर जायचं नाही. म्हणजे दादरहून निघालेल्या माणसाने फार तर लोणावळ्यापर्यंत जावं. न्यूयॉर्क त्या वर्तुळाबाहेर. ते काम हातचं गेलं.

धाकटे अल्बर्ट, ज्यांना सगळे 'टूटी' म्हणायचे, ड्रमवर. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनने स्वतःच्या नावावर पहिली रेकॉर्ड केली, १९५७ची, तिच्यावर हे आहेत. तिघं भाऊ बँड म्हणून उभे राहिले ते थेट १९७५ला, पियानोवर स्टॅन्ली कॉवेलला घेऊन. म्हणजे पर्सींनी पन्नाशी ओलांडल्यावर. 'जॅझ मास्टर'चा मान यांच्याकडेही आला, पण हप्त्याहप्त्याने: पर्सी २००२, जिमी २००३, टूटी २०२१.

आता खरं कारण. मार्सालिसांची जी सीडी माझ्याकडे आहे ती २००१च्या ऑगस्टमधल्या मैफलीची. एलिस विद्यापीठातून निवृत्त झाले तेव्हाची. वडील पियानोवर, चारही मुलं मंचावर. बासवर घरचं कोणी नाही, रोलंड गेरिन आहेत. वाजवणं स्वच्छ, ताल असा की बोट हलल्याशिवाय राहत नाही. पण मला प्रत्येक वेळी वाटतं, सगळे जरा सरळ बसलेत. सोलो येतो, सुंदर होतो आणि वेळेत संपतो. कोणी कोणाच्या वाक्यात शिरत नाही.

हे मला इतकं का खुपतं, तेही सांगतो. माझे वडील भजनी मंडळात पेटी वाजवायचे आणि मी तबल्यावर. एरवी मित्रांबरोबर मी नको तिथेही तिहाया घुसवायचो. पण वडिलांनी पेटीवरून नुसती मान वर केली की माझा हात आवळायचा आणि धुमाळीच्या साध्या ठेक्याबाहेर पडायचा नाही. ते रागवायचे नाहीत. एकदाही नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. चहाच्या वेळी म्हणायचे, "छान धरलास ठेका." मला ते 'धरलास' अजून ऐकू येतं.

तेव्हा मार्सालिसांच्या वाजवण्यात खरंच तो ताण आहे, की माझ्याच कानात वडील पेटी घेऊन बसलेत, हे मी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. जाणकार मित्र म्हणतात, तुझाच दोष. असेल.

पण हीथ लावले की तो हात आवळत नाही. मंचावर वडील नाहीत, तीन भाऊ आहेत, थोरल्या-धाकट्यात बारा वर्षांचं अंतर. जिमी एक ओळ अर्धी सोडतात आणि पर्सी ती बासवर उचलतात, जेवताना एकाच्या ताटातली भाकरी दुसऱ्याने मोडावी तशी. टूटी ड्रम सोडून बासरीही हातात घेतात, पर्सी चेलोएवढा छोटा बास काढतात. कोणाला काही सिद्ध करायचं उरलेलं नाही. पन्नाशीचा माणूस धाकट्या भावाला दाखवून दाखवून काय दाखवणार?

घरात मूल वाद्य शिकत असेल आणि त्याला शिस्तीचं फळ दाखवायचं असेल, तर मार्सालिस जास्त उपयोगी पडतील, हे मान्य. जॅझ अगदीच नवं असेल तरी बहुधा तेच सोपे जातील. तरी मला विचाराल तर हीथ. सुरुवात १९७५च्या 'मार्चिन ऑन'पासून करा.

फक्त एक सांभाळा. 'हीथ ब्रदर्स' असं छापलेल्या सगळ्याच रेकॉर्डांवर तिघं भाऊ नाहीत. १९७८च्या सुमारास टूटी बाहेर पडले आणि नंतरच्या काही रेकॉर्डांवर ड्रमला अकिरा ताना आहेत. ताना छान वाजवतात, तक्रार नाही. पण भाऊच ऐकायचे असतील तर मागची नावं वाचून घ्या, किंवा सरळ १९९७च्या 'ॲज वी वेअर सेइंग'कडे जा. डबी चिकटवलेली सीडी तीच.