थायरॉइडची गोळी : औषध चोख, बाटली ठीकठाक

मेडिकलवाला शंभर-सव्वाशे गोळ्यांची बाटली काउंटरवर ठेवतो, ‘अनशापोटी घ्या’ म्हणतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. लेव्होथायरॉक्सिनच्या, म्हणजे थायरॉइड कमी पडणाऱ्यांच्या या गोळीच्या, बऱ्याचशा तक्रारी इथूनच सुरू होतात. औषधात खोट नाही. थायरॉइड ग्रंथी बनवते तोच टी-४ हार्मोन गोळीत असतो, आणि शरीर त्यातून लागेल तसा टी-३, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारा हार्मोन, करून घेतं.

अडतं ते पोटात. गोळी साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. इथवर लोक पाळतात. पण रक्त कमी म्हणून लोहाची आणि हाडांसाठी कॅल्शियमची गोळी चालू असेल, तर तिन्ही एकाच घोटात जातात. लोह आणि कॅल्शियम या गोळीला पोटातच धरून ठेवतात, ती रक्तात पुरती उतरत नाही. टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारा हार्मोन) चढतो, डॉक्टर डोस वाढवतात, पन्नास मायक्रोग्रॅमची पंचाहत्तर होते. पुढे कॅल्शियमचा कोर्स संपला की तीच पंचाहत्तर जास्त पडते : छातीत धडधड, हाताला कंप, झोप उडते. म्हणून मध्ये चार तास हवेतच. पित्तासाठी रोज पॅन्टोप्राझोल घेणाऱ्यांचंही असंच. आम्ल कमी झालं की गोळी नीट विरघळत नाही. सोयाबीननेही गोळी रक्तात कमी उतरते, म्हणून कणकेत सोयाबीन दळणाऱ्या लातूरकडच्या घरांनी त्याचं प्रमाण तरी रोज सारखं ठेवावं.

पहाटेच शेतात निघणाऱ्यांना सकाळचा हिशेब जमत नसेल, तर डॉक्टरांना विचारून रात्री घ्यावी, जेवणानंतर तीन तासांनी. रोजे धरणाऱ्यांनाही हे सोयीचं.

आता बाटली. ही गोळी ऊन, ओल, उजेड तिन्हींना नाजूक, आणि परभणी-नांदेडचा मे महिना पत्र्याखाली काय करतो ते सांगायला नको. माठाशेजारची गार जागाही चुकीची, तिथे ओल असते. जुन्या माळवदाच्या घरातली आतली कोरडी देवळी सगळ्यांत बरी. बाटलीतली ओल शोषणारी पुडी फेकू नये, गोळ्या दुसऱ्या डबीत भरू नयेत. काही कंपन्यांची गोळी पट्टीत येते. पावसाळ्यात रोज झाकण उघडण्यापेक्षा आम्हाला ती बरी वाटते. गोळी मोडून अर्धी करू नका. साडेबारापासून दीडशे मायक्रोग्रॅमपर्यंत बरेच डोस तयार मिळतात.

चार दिवसांत फरक पडेना म्हणून कंपनी बदलणं व्यर्थ. टी-४ रक्तात निम्मा व्हायलाच सुमारे 7 दिवस लागतात, त्यामुळे एखादा दिवस चुकला तरी बिघडत नाही, आणि डोस किंवा कंपनी बदलल्यावर टीएसएच 6 ते 8 आठवड्यांनीच बघायचा. गर्भ राहिला तर मात्र थांबू नका. डोस बहुधा वाढवावा लागतो, लगेच दवाखाना गाठा.

औषधाला पाचपैकी साडेचार, बाटलीला तीन. चार तासांचं अंतर झाकणावर ठळक मराठीत छापलं असतं तर बाटलीलाही चार दिले असते.