ट्रायकोडर्माची पूड: मिरवेलीला लागू पडली, सुपारीच्या घडाला नाही

गोव्याच्या फोंडा तालुक्यातील आमच्या कुळागरात, म्हणजे सुपारी-मिरीच्या बागायतीत, पावसाळ्याच्या तोंडावर ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीची पूड वापरली. पाकिटावर ठळक अक्षरांत छापले आहे की, त्यातील कायटिनेज हे प्रथिन सर्व बुरशीजन्य रोगांचा नायनाट करते. पूड चांगली आहे, पण हा दावा मान्य करण्यासारखा नाही.

कायटिनेज बुरशीच्या पेशीभित्तिकेतील कायटिन तोडते. ट्रायकोडर्मा ते तयार करते, शिवाय भित्तिकेतील ग्लुकान हा दुसरा घटक तोडणारे ग्लुकानेजही. अशा बुरशीरोधक प्रथिनांवर गंभीर संशोधन झालेले आहे. लिस्बनमधील संशोधक रिकार्डो बोआविदा फेरेइरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ल्युपिन या कडधान्याच्या मोड आलेल्या बियांतून मिळवलेले, कायटिनला चिकटणारे ‘ब्लाड’ हे प्रथिन तर 2013 साली अमेरिकेत पीकसंरक्षणासाठी नोंदलेही गेले. मात्र ज्याच्या भीतीने गोव्यातील बागायतदार असली पाकिटे विकत घेतो, तो सुपारी कुजवून गळवणारा कोळेरोग फायटोफ्थोरामुळे होतो, आणि फायटोफ्थोरा ही खरी बुरशी नव्हे, बुरशीसारखी वाढणारी वेगळी सूक्ष्मजीवजात आहे. तिच्या भित्तिकेत ग्लुकान आणि सेल्युलोज असते, कायटिन जवळपास नसतेच. मग कायटिनेज तोडणार काय? शिवाय संततधार पावसात घडावर फवारलेली पूड टिकत नाही. आम्ही काही पोफळींवर केवळ हीच फवारून पाहिली आणि त्यांची सुपारी गळायची ती गळलीच. शेजारच्या ओळीतल्या पोफळींना पाऊस सुरू होण्याआधी एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे 100 लिटर पाण्याला मोरचूद आणि चुना प्रत्येकी एक किलो, दिले होते. तिथले घड बरेचसे वाचले.

मिरवेलींचा अनुभव मात्र वेगळा आला. मुळकुजही फायटोफ्थोरामुळेच होते, पण तिथे लढाई मातीत असते, आणि मातीत ट्रायकोडर्मा मुळांभोवती वस्ती करून रोगाला जागाच उरू देत नाही. त्यामागे एकट्या कायटिनेजचे श्रेय नाही. 90 किलो शेणखत आणि 10 किलो निंबोळी पेंडीत एक किलो पूड मिसळून ढीग सावलीत ओलसर ठेवला, वर गोणपाट टाकले. पुढे गोणपाट उचलले तेव्हा ढिगावर आधी पांढरी आणि मग गर्द हिरवी साय धरलेली होती आणि ओल्या खोबऱ्यासारखा मंद वास येत होता. हे खत वेलींच्या बुडाशी दिल्यावर पाने पिवळी पडून वेल बसण्याचे प्रकार स्पष्टपणे कमी झाले. बोर्डो मिश्रण आणि ही पूड एकाच वेळी मुळांशी देऊ नये, कारण तांबे ट्रायकोडर्मालाही सोडत नाही. आम्ही दोहोंत काही आठवड्यांचे अंतर ठेवले.

पाकीट घेताना दर ग्रॅमला किमान 20 लाख जिवंत बीजाणूंचा उल्लेख आणि अंतिम मुदत तर पाहावीच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते दुकानात कुठे ठेवले होते हे पाहावे. ही जिवंत वस्तू आहे आणि उन्हाने मरते. आम्हाला एका दुकानातून दाराजवळच्या उन्हात रचलेल्या थप्पीतले पाकीट मिळाले, तर त्याच्या ढिगावर हिरवेपणाचा ठिपकाही उमटला नाही. मुदत संपलेली नसल्याने दुकानदाराने ते परत घेतले नाही. तेव्हापासून आतल्या थंड फडताळातले पाकीट मिळाले तरच आम्ही पैसे देतो.