नागपूरच्या धंतोलीतलं कॅन्सरच्या औषधांचं दुकान, गोळ्यांची केमो चालू असेल तर इथूनच घ्या

काकांना लाळग्रंथीचा कॅन्सर आहे, कानाखालच्या पॅरोटिडचा, आता फुफ्फुसातही पसरला. हा कॅन्सर मुळात दुर्मिळ, याच्यावर हमखास लागू पडेल अशी एकच केमो ठरलेली नाही, म्हणून डॉक्टरांनी कॅपेसिटाबीनच्या गोळ्या लिहून दिल्या, दोन-तीन सायकलनंतर (म्हणजे गोळ्यांच्या ठरलेल्या फेऱ्यांनंतर) स्कॅन करू, गाठी वाढल्या नसल्या तर चालू ठेवू नाहीतर बदलू, असं स्पष्ट सांगितलं. सलाइन नाही, ॲडमिट नाही, त्यामुळे घरचे निवांत झाले. पण घरी घ्यायची केमो म्हणजे लक्षही घरच्यांनीच ठेवायचं न!

पहिल्या वेळी दुसऱ्या एका मेडिकलमधून घेतल्या, त्यांनी पट्ट्या पिशवीत टाकून दिल्या, बस. इथल्या ताईंनी चिठ्ठी वाचून आधी विचारलं, "काका रक्त पातळ व्हायची गोळी घेतात का? फॉलिक ॲसिड?" वॉरफेरिनसोबत ही गोळी घेतली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि फॉलिक ॲसिडनं गोळीचा त्रास वाढू शकतो, हे आम्हाला तोवर कोणीच सांगितलं नव्हतं. मग 500 आणि 150 मिलिग्रॅमच्या पट्ट्या वेगळ्या पाकिटात, वर मार्करनं मराठीत, सकाळी किती, रात्री किती, जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत, 14 दिवस घ्यायच्या 7 दिवस बंद, आणि बंद करायची तारीखसुद्धा. गोळी तोडायची नाही, काढून देणाऱ्यानं हातमोजे घालायचे, जुलाब लागले तर उद्या बघू म्हणायचं नाही, लगेच डॉक्टरला फोन. मे महिन्यात गाडीत तर पाकीट अजिबात ठेवू नका म्हणाल्या, आपल्या नागपूरच्या उन्हात ते बरोबरच आहे.

या गोळ्यांनी काकांचे तळहात लाल होऊन सोलून राहिले होते, शर्टाची बटनं लावता येईना. ताई म्हणाल्या, दिल्लीच्या एम्सचा 2024 मध्ये छापून आलेला अभ्यास आहे, साधं डायक्लोफेनॅक जेल त्रास सुरू व्हायच्या आधीपासूनच लावलं तर तो कमी जणांना झाला, पण ते पेशंट ब्रेस्ट आणि पोटाच्या कॅन्सरचे होते, तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. जेल समोरच्या रॅकमध्येच होतं, तरी विकलं नाही. मला हे फार मोठं वाटलं, खरंच.

एमआरपीवर सूट चांगली देतात. पार्किंगचं धंतोलीत सगळीकडेच हाल, गाडी लांब लावून चालत या. रविवारी बंद असतं आणि 150 ची पट्टी कधीकधी संपलेली असते, म्हणून सायकल सुरू व्हायच्या दोन दिवस आधीच फोन करून ठेवा, ते बाजूला काढून ठेवतात.