चिंतेवर एमबीएसआर की ॲक्ट?

भाचीचा प्रश्न: एमबीएसआर (माइंडफुलनेस-बेस्ड स्ट्रेस रिडक्शन, म्हणजे ध्यानाचा सराव) आणि ॲक्ट (ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी, एक मानसोपचार) या दोन्हींत ‘चिंतेशी झगडू नका’ असंच सांगतात, मग निवडायचं काय? फरक मेहनतीत आहे. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेला एमबीएसआर म्हणजे ८ आठवड्यांचा गटवर्ग. दर आठवड्याला साधारण अडीच तास, शिवाय घरी रोज पाऊणेक तास सराव. हा पाऊण तासच बहुतेकांना जड जातो. स्टीव्हन हेज यांच्या ॲक्टमध्ये डोळे मिटून बसायची सक्ती नाही. तिथे चिंता असू देऊन आपल्याला महत्त्वाचं ते करायचं: छातीत धडधडत असतानाच मुलाखतीला जायचं, कारण ती नोकरी आपल्याला हवी आहे. खर्च? गटात सहसा कमी, एकट्याने थेरपिस्टकडे जास्त.

अंग सतत ताठलेलं, डोक्यात चक्र चालू, तर एमबीएसआर. चिंतेपायी माणसं, कामं टाळत असाल तर ॲक्ट. पॅनिकचे झटके येत असतील तर आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठा.